अंगणातला माड कोणाचा?

घराच्या आवारात नारळाचे रोप लावणे ही वरवर पाहता बागकामातली एक साधी गोष्ट आहे. एक मीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा खणावा, त्यात शेणखत आणि चांगली माती भरावी, पावसाच्या प्रारंभी वर्षभराचे सशक्त रोप लावावे आणि पहिली काही वर्षे उन्हाळ्यात त्याला पाणी चुकू देऊ नये. एवढे केले म्हणजे आपले काम संपले, असे आपण मानतो. परंतु ह्या साध्या कृतीच्या पोटी एक नैतिक प्रश्न आहे आणि वसईच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना तो आज टाळता येण्यासारखा नाही. माड लावणारा एक असतो, त्याची फळे खाणारा दुसरा असतो आणि तो तोडण्याचा निर्णय घेणारा बहुधा तिसराच असतो. मग हा माड नेमका कोणाचा?

प्रश्न पुस्तकी नव्हे. घराघरांतून तो वेगवेगळ्या शब्दांत कानी येतो. कुणी वृद्ध माउली मिस्सानंतर थांबून विचारते, "फादर, मुलगा म्हणतो, पुढचे दोन माड काढून टाकू, गाडी लावायला जागा होईल. माझ्या सासऱ्यांनी लावलेले आहेत ते. पाप होईल का हो?" तिला 'होईल' किंवा 'नाही होणार' असे एका शब्दाचे उत्तर देणे सोपे असते. परंतु एका शब्दाचे उत्तर तिच्या प्रश्नाला न्याय देत नाही. तिला पापपुण्याचा हिशेब नको असतो. आपल्यावर कुणाचे काही देणे आहे काय, हे तिला समजून घ्यायचे असते.

प्रथम त्या झाडाचा स्वभाव पाहू. कारण ज्या वस्तूसंबंधी नीती ठरवायची, ती वस्तू कशी आहे हे न पाहता केलेला विचार हवेत तरंगतो.

आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या लावली गेलेली बाणवलीसारखी उंच जात सहा ते आठ वर्षांनी फळ देऊ लागते, पंधराव्या वर्षाच्या आसपास पूर्ण भरात येते आणि नीट निगा राखली तर ऐंशी वर्षेही उभी राहते. पंचेचाळिसाव्या वर्षी माड लावणाऱ्या गृहस्थाला पहिले नारळ मिळतात तेव्हा त्याची पन्नाशी उलटलेली असते. झाड ऐन भरात येते तेव्हा तो साठीला टेकलेला असतो. त्यानंतरचे अर्धशतक ते झाड ज्यांना फळे देणार, त्यांपैकी कित्येकांचा जन्मही तेव्हा झालेला नसतो. केळीचे तसे नाही. केळीचा कंद लावणारा वर्ष-सव्वा वर्षात घड उतरवतो. लावणारा आणि खाणारा एकच. म्हणून केळ लावणे हा व्यवहार आहे. उंच माड लावणे ही मात्र बव्हंशी देणगी आहे, लावणाऱ्याला तिची जाणीव असो वा नसो.

ह्या झाडाचे दुसरे वैशिष्ट्य अधिक विचार करायला लावणारे आहे. आंबा, शेवगा, वड ह्यांची फांदी छाटली तर बाजूने धुमारे फुटतात. माडाला हे वरदान नाही. त्याला वाढीचा कोंब एकच, तोही थेट शेंड्यात. गेंड्या भुंग्याने किंवा लाल सोंडेच्या किडीने तो कोंब पोखरून मारला, अथवा माणसाने तो छाटला, तर सारे झाड संपते. शिवाय त्याच्या खोडावर झालेली जखम भरून येत नाही. आंब्याच्या खोडाला इजा झाली तर कालांतराने नवी साल चढते. माडाच्या अंतर्रचनेत नवी साल धरणारा तो थरच नसतो. चढण्यासाठी कोयत्याने घातलेल्या पायखाचा पन्नास वर्षांनीही जशाच्या तशा दिसतात. तात्पर्य, माडाच्या बाबतीत 'तूर्त छाटू, पुढे पाहू' हा मधला मार्ग उपलब्ध नाही. निर्णय उलटवता येत नाही, आणि उलटवता न येणारा निर्णय घेणाऱ्याने अधिक सावकाश विचार करावा, हा विवेकाचा पहिला नियम आहे.

आता कोणी म्हणेल, माड हे मुळात झाडच नव्हे. हा विनोद नाही. शेजारच्या गोव्यात 2016 साली वृक्षसंरक्षणाच्या कायद्यातील 'वृक्ष' ह्या व्याख्येतून माड वगळण्यात आला होता. माडाला फांद्या नसतात, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो गवताच्या जवळचा, असा युक्तिवाद त्या वेळी ऐकू आला. लोकांनी मोठा विरोध केला आणि 2017 साली माडाला कायद्यातील आपले स्थान परत मिळाले. वनस्पतिशास्त्राचे म्हणणे खोटे नव्हते. माड हा ताडाच्या कुळातला आहे आणि त्याच्या खोडात वर्षावलये नसतात, हे खरेच. परंतु ह्या वादातून घेण्याजोगा धडा निराळा आहे. एखाद्या वस्तूविषयीचे आपले कर्तव्य तिच्या नावावर अवलंबून नसते. नाव बदलले म्हणून सावली कमी होत नाही, फळ आटत नाही, आणि लावणाऱ्याचे श्रम वाया गेले असेही ठरत नाही. गैरसोयीचे कर्तव्य टाळायचे असले की मनुष्य प्रथम त्याचे नाव बदलतो. ही आपली जुनी खोड आहे आणि ती केवळ झाडांपुरती मर्यादित नाही.

आता मूळ प्रश्न : माड कोणाचा? सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याचा, हे कायद्याचे उत्तर. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी खाजगी मालकीचा विचार करताना एक मार्मिक भेद केला. वस्तू मिळवणे, राखणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा माणसाचा खाजगी अधिकार असू शकतो, किंबहुना तसा तो असावा. कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी कुणीच घेत नाही. परंतु त्या वस्तूचा उपयोग करताना मात्र ती केवळ माझी, असे मानू नये; गरजवंतांचा वाटा तिच्यात आहे, हे मनात धरावे. हा भेद माडाला लावून पाहा. रोपाला पाणी घालायला, खत द्यायला, भुंगा काढायला एक मालक हवा. सर्वांचा माड वाळून जातो. परंतु त्या माडाच्या सावलीचा, झावळ्यांचा, नारळांचा विचार करताना 'माझे' हा शब्द जरा दबक्या आवाजात उच्चारावा लागतो.

प्राचीन रोमन कायद्यात ह्याहून नेमकी कल्पना सापडते. मूळ वस्तूला धक्का न लावता तिची फळे भोगण्याचा अधिकार, ज्याला आपण उपभोगाधिकार म्हणू, त्याचे नियम सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने संकलित झालेल्या ग्रंथात नोंदलेले आहेत. ज्याला बागेची फळे भोगण्याचा अधिकार मिळाला, त्याने त्या बागेतले जे झाड मरेल त्याच्या जागी दुसरे लावले पाहिजे, असे बंधन तेथे आहे. किती सरळ न्याय! फळे खाल्लीस ना? मग रिकामी झालेली जागा भर. ह्या नियमाकडे पाहिले म्हणजे वाटते की, वडिलोपार्जित वाडीच्या बाबतीत आपण सारेच असे उपभोगाधिकारी आहोत. कागदावर आपण मालक असू. परंतु मागून आलेली आणि पुढे जाणारी वस्तू आपल्या हाती काही काळ आहे, एवढेच आपल्या मालकीचे खरे स्वरूप. आपल्या वाडवडिलांनी हा लॅटिन कायदा वाचलेला नव्हता. तरीही वाडीतला जुना माड थकू लागला की त्याच्या जवळपास नवे रोप आधीच लावून ठेवण्याची रीत त्यांना ठाऊक होती. जुना पडेपर्यंत नवा फळावर येई. रिकामी जागा अशी राहतच नसे.

येथवरचे विवेचन एकाच बाजूचे झाले. माडाविरुद्धही एक न्याय्य दावा आहे आणि तो शेजाऱ्याचा आहे. पूर्ण वाढलेल्या माडाची झावळी पाच ते सहा मीटर लांब असते. म्हणूनच दोन माडांमध्ये साडेसात मीटर अंतर ठेवावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात. आपल्या कुंपणापासून हातभर अंतरावर माड लावणारा मनुष्य आपल्या झाडाचे निम्मे छत्र शेजाऱ्याच्या आकाशात पसरवीत असतो. पूर्वी त्या बाजूलाही वाडीच होती. नारळ पडला तर आळ्यातल्या ओल्या मातीत पडे. आज तेथे सिमेंटचा पत्रा आहे, मोटार आहे, खेळणारी मुले आहेत. सोडणासह किलोभराहून अधिक वजनाचा नारळ साठ फुटांवरून खाली येतो तेव्हा तो कोणाच्या वाडवडिलांनी लावला, हे विचारीत नाही. आपल्या पूर्वजांविषयीची कृतज्ञता शेजाऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर टांगून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

येथेही त्या रोमन कायदेपंडितांनी समतोल राखलेला दिसतो. झाडाची फांदी शेजाऱ्याच्या शेतावर आली तर जमिनीपासून पंधरा फुटांपर्यंतच ती छाटावी, असा नियम होता; परंतु झाड शेजाऱ्याच्या घरावर आले तर ते काढून टाकण्याची जबाबदारी मालकाची होती आणि त्याने ती टाळली तर शेजाऱ्याला ते तोडता येई. शेतावरची सावली सोसावी. घरावरचा धोका सोसायला लावू नये. दुसऱ्या बाजूने, आपले फळ शेजाऱ्याच्या जमिनीत पडले तर ठराविक दिवसांच्या अंतराने ते वेचून आणू देणे शेजाऱ्यावर बंधनकारक होते. आपल्याकडे कुंपणापलीकडे पडलेल्या दोन नारळांवरून भावाभावांत अबोला धरलेला पाहिला म्हणजे वाटते, दोन हजार वर्षांपूर्वी माणसे आपल्याहून फारशी निराळी नव्हती. म्हणूनच तर तसा नियम करावा लागला.

आणखी एका माणसाचा विचार ह्या प्रश्नात हटकून राहून जातो. तो म्हणजे माडावर चढणारा पाडेकरी. माडाच्या पोयी एकामागून एक उमलत राहतात आणि उमललेल्या पोयीतला नारळ पक्व व्हायला सुमारे वर्ष लागते; म्हणून एकाच वेळी शेंड्यावर फुलापासून पक्व फळापर्यंत सर्व अवस्था नांदत असतात. साहजिकच वर्षातून सहा-सात वेळा तरी कोणाला वर चढावे लागते. 'पाडेकरी मिळत नाही, म्हणून माड तोडतो,' हे आज सर्वत्र ऐकू येणारे कारण आहे. ते खरे आहे. परंतु पाडेकरी का मिळत नाही? ज्या कामात प्रत्येक चढाईला जीव पणाला लागतो, त्याचा मोबदला आपण वर्षानुवर्षे चार नारळ आणि थोडे पैसे असा दिला. घसरून पडलेल्याच्या घरी पुढे चूल कशी पेटली, ह्याची चौकशी किती जणांनी केली? त्याने आपल्या मुलाला त्या वाटेने जाऊ दिले नाही, ह्यात नवल ते काय! नारळ विकास मंडळाने 2011 साली चढणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची योजना सुरू केली, चढण्याची यंत्रेही आली. हे चांगलेच झाले. परंतु आपल्या अंगणात यंत्र घेऊन येणाऱ्या तरुणाला योग्य मजुरी आणि मानाचे दोन शब्द देण्याचे काम कुठलेही मंडळ आपल्यासाठी करणार नाही. माड राखायचा, तर तो राखण्याचा पूर्ण खर्च आपण उचलला पाहिजे. तो खर्च दुसऱ्याच्या हाडांवर टाकून राखलेला वारसा हा पुण्याचा वारसा नव्हे.

तर मग, त्या माउलीला काय सांगावे?

माड तोडणे हे स्वभावतः पाप नाही. नीतिशास्त्रात काही कृत्ये कोणत्याही परिस्थितीत वाईट ठरतात. वृक्ष तोडणे त्यांत मोडत नाही. जुन्या करारातील अनुवादाच्या ग्रंथात नगराला वेढा घालणाऱ्या सैन्यालाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवण्यास मनाई केलेली आहे. परंतु तेथेच फळ न देणाऱ्या झाडांना मात्र सवलत आहे. अर्थात तो दंडकही कारणे पाहतो. म्हणून कारणे पाहिली पाहिजेत. मुलाच्या संसारासाठी खोली बांधायची आहे आणि दुसरीकडे जागा नाही; झाड पोखरले गेले आहे आणि येत्या वादळात शेजाऱ्याच्या छपरावर कोसळण्याचा संभव आहे; एकट्या विधवेला पाडेकऱ्याचा खर्च झेपत नाही आणि धोका मात्र रोज वाढतो आहे; ही कारणे खरी आहेत. अशा वेळी झाडाच्या नावाने माणसाला दोषी धरणे म्हणजे करुणेचा विपर्यास होय. उलट, केवळ झावळ्या झाडण्याचा कंटाळा, अंगणात फरशी बसवण्याची हौस, किंवा शेजाऱ्याने तोडले म्हणून आम्हीही, ही कारणे ऐंशी वर्षांच्या आयुष्याला पुरी पडत नाहीत.

कारण खरे ठरले तरी तीन गोष्टी उरतात. पहिली, दुसरा उपाय आहे का, हे पाहावे. पक्व नारळ वेळेवर उतरवले, वाळलेल्या झावळ्या काढल्या, शेंड्याखाली जाळे बांधले, तर बहुतेक धोका टळतो. माडाची मुळे तंतुमय असतात आणि बहुतांशी बुंध्यापासून दोन मीटरच्या आतच पसरतात. वडपिंपळासारखी ती पाया उचकटीत नाहीत. तेव्हा 'मुळे घर पाडतील' ही भीती बव्हंशी निराधार आहे. दुसरी, ज्यांचा त्या झाडाशी संबंध आहे त्यांना विचारावे. भाऊ, बहिणी, वृद्ध आई ह्यांना परस्पर डावलून एका सकाळी करवत चालवली गेली की तुटते ते केवळ झाड नसते. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, रिकामी होणारी जागा आधी भरावी. तोडून मग लावू, असे म्हणणारे सहसा लावीत नाहीत.

आपल्या राज्यात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणासाठी 1975 साली कायदा झाला. त्यात 2021 साली दुरुस्ती होऊन, तोडलेल्या झाडाचे वय जितके वर्षे, तितकी नवी झाडे लावावीत, असे तत्त्व स्वीकारले गेले. तत्त्व चांगले आहे. माडाच्या खोडावर गळलेल्या पानांचे वण असतात; वर्षाला सुमारे बारा पाने येतात, त्यामुळे वण मोजून आणि खोड दिसू लागण्यापूर्वीची चार-पाच वर्षे मिळवून त्याचे वय अंदाजाने काढता येते. आपल्या बुंध्यावर आपल्या आयुष्याचा जमाखर्च असा उघडा मांडून ठेवणारे दुसरे झाड सापडणे कठीण. परंतु कायदा जो हिशेब मांडतो त्याला एक मर्यादा आहे. साठ वर्षांच्या माडाऐवजी लावलेली साठ रोपे म्हणजे साठ वर्षे नव्हेत. पुढली सात-आठ वर्षे त्यांतून एक नारळही मिळणार नाही. काळाची भरपाई संख्येने होत नाही. ती केवळ वेळेवर आरंभ केल्याने होते.

ज्यांच्याकडे आता वाडी उरलेली नाही, दोन-अडीच गुंठ्यांचे आवार आहे, त्यांचे काय? वसई-विरार महानगरपालिका 2009 साली स्थापन झाली. त्याआधीपासूनच आपल्या भागातल्या वाड्या तुकड्यातुकड्यांनी आटत होत्या, बावखले बुजत होती आणि अनेक विहिरींचे पाणी मचूळ होत होते. अशा आवारात चौघाट ऑरेंजसारखी ठेंगू जात लावणे सुज्ञपणाचे असते. ती तीन-चार वर्षांत फळते, शहाळी हाताने उतरवता येतात आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार राहत नाही. तिचे आयुष्य उंच माडाच्या निम्मे, चाळीस-पन्नास वर्षांचे. तरीही एका पिढीला ते पुरते. ठेंगू माड लावणारा कमी उदार, असे मुळीच नाही. जागा ओळखून लावणे हीदेखील शेजारधर्माची एक रीत आहे. भिंतीपासून पुरेसे अंतर सोडून लावलेला एक माड कुंपणाला खेटून लावलेल्या पाच माडांहून अधिक नीतिमान आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र ज्यांच्याकडे अद्याप जागा आहे, त्यांनी उंच माडाकडे पाठ फिरवू नये. 'मला काय त्याचा उपयोग?' हा प्रश्न आपल्या आजोबांनी विचारला असता तर झावळ्यांच्या रविवारी आपल्या हाती काय आले असते, लग्नाच्या मांडवाला झाप कोठून मिळाले असते आणि आपल्या रोजच्या कालवणात वाटण कशाचे पडले असते, ह्याचा विचार करावा. लेवीय ग्रंथात नव्याने लावलेल्या फळझाडाविषयी एक नियम आहे : पहिली तीन वर्षे फळ खाऊ नये, चौथ्या वर्षीचे देवाला अर्पण करावे, पाचव्या वर्षापासून स्वतः खावे. माड ह्या नियमाची वाटही पाहत नाही. तो आपणहून त्याहून अधिक थांबायला लावतो. लावणाऱ्याचा वाटा सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडा.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. घरातल्या जमिनीची वाटणी होते तेव्हा गुंठे मोजले जातात, विहिरीवरचा हक्क लिहिला जातो, वाटेची रुंदी ठरते. त्याच बैठकीत आवारातल्या माडांचीही यादी करावी. कोणता माड कोणी लावला, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. कोणता थकला आहे, कोणता शेजाऱ्याच्या घरावर झुकला आहे, कोणाच्या जागी नवे रोप कोठे लावायचे आणि त्याला पाणी कोण घालणार, हे ठरवावे. बियाणे नारळ आपल्याच वाडीतल्या पंचवीस ते चाळीस वर्षांच्या, दरवर्षी भरपूर धरणाऱ्या माडावरून घ्यावा. त्या माउलीने हेच केले तर तिचा मुलगा कदाचित दोनऐवजी एकच माड काढील, आणि तो काढण्यापूर्वी मागल्या दारी एक रोप लागलेले असेल. सासऱ्यांचे देणे अशा रीतीने फिटते. पुढच्या पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही, खड्डा आताही खणून ठेवता येतो.